मुदतीतली हरकत

लाडू कोतवालाने गळ्यातला ढोल काढून सीमेच्या दगडाला टेकवला आणि स्वतः त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"हयसून फुडे मी येवचंय नाय, भाऊ."

"अहो, मग दवंडी कोण देणार?"

"परवा येवा. परवा देवाचो कौल मिळालो की गाव परत आत जातलो. मगे व्हयी तितकी दवंडी पिटतंय."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते. सव्वीस वर्षांचा होतो, खटावकडचा, भूसंपादनाच्या कचेरीत चिकटून सहाच महिने झाले होते. तळकोकणात बदली झाली तेव्हा आई म्हणाली होती, तिकडं भुतं फार. मी हसलो होतो. पिशवीत भिरंडखोल गावची नोटीस होती. नदीवर धरण होणार, गाव बुडणार, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी, असा सगळा मजकूर. ती गावात चिकटवायची, दवंडी द्यायची, मोठ्यानं वाचायची आणि दोन पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा करायचा. हेर्लेकर साहेबांच्या हिशेबाने त्यासाठी तोच शेवटचा दिवस होता. सकाळी त्यांनी बजावलं होतं, "गुरसाळे, काम करून या. कारणं घेऊन येऊ नका."

आणि गावात माणूस नव्हता. दर चौथ्या वर्षी मार्गशीर्षात भिरंडखोलची गावपळण असते, हे कचेरीत कुणाच्याच गावी नव्हतं. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी घेऊन सीमेबाहेर जातं. घरांना कुलपं लावत नाहीत, दारं नुसती लोटलेली. ते तीन दिवस गाव ग्रामदेव रवळनाथाचं आणि गेलेल्या माणसांचं. जितं माणूस आत जात नाही.

नदीच्या अलीकडे माळावर झावळ्यांच्या खोपी पडल्या होत्या. चुली पेटल्या होत्या, बांगडे भाजल्याचा वास सुटला होता, पोरं हुंदडत होती. एखाद्या लग्नाला यावीत तशी माणसं खुशीत होती. तिशीतली एक बाई शेळ्यांना पाला घालत माझ्याकडे बघत होती. शेवंती घाडी तिचं नाव, ते मला पुढे पाठ झालं.

"घाटार गावपळण नसता?" तिने विचारलं.

"असते की. दुष्काळ पडला की आम्ही पण जातो. फक्त आम्हांला कौल देत नाही कुणी."

ती खळखळून हसली. मग पिशवीकडे बोट करून म्हणाली, "कसलो कागद तो?"

"सरकारी आहे. गावाला वाचून दाखवायचाय."

"मगे वाचा मां हयच! सगळो गाव हय बसलोहा."

शंभर-सव्वाशे माणसं तिथे होती. हातातलं काम थांबवून काही माझ्याकडे बघायलाही लागली होती. मी तिथे उभा राहून पाच मिनिटं वाचलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण नियमात शब्द होता 'गावात'. वरून साहेबांनी सांगितलेलं होतं, बोभाटा करू नका, रीतीप्रमाणे करा आणि निघा.

"इथं वाचून चालत नाही, बाई. गावाच्या हद्दीत वाचावा लागतो."

"अहो, गाव हय आसा! थय कोण आसा ऐकूक?"

"नियम आहे."

"व्हयतर," ती म्हणाली आणि शेळ्यांकडे वळली. "नियमाक कान नसतत."

मी रागावलो. खरं सांगायचं तर ती हसली म्हणून रागावलो. लाडूचा ढोल उचलून गळ्यात अडकवला आणि दगड ओलांडला. मागून लाडू ओरडला, "भाऊ, मागे बघू नको! आणि कोणी काय बोलला तर ओ देव नको!"

भर दुपारचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना लाल चिऱ्यांची घरं, सारवलेली अंगणं, पाणी घातलेल्या तुळशी. एका ओटीवर अडकित्ता आणि अर्धी कातरलेली सुपारी तशीच पडलेली. कुत्रंसुद्धा नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला, म्हणून मी चपला काढून हातात घेतल्या. का काढल्या ते आजही सांगता येत नाही.

शाळेच्या भिंतीवर नोटीस चिकटवली. ढोल मला येत नव्हता, चार टिपऱ्या कशाबशा हाणल्या. मग वाचायला लागलो. सुरुवातीला पुटपुटत, नंतर आपणच आपल्याला धीर द्यावा तसं मोठ्यानं. सर्व्हे नंबर वाचले, चतुःसीमा वाचल्या. "तरी कोणाची काही हरकत असल्यास..." इथपर्यंत आलो आणि मागे कुणीतरी खाकरलं.

वयस्क पुरुषाचं खाकरणं. पारावर बसलेला म्हातारा बोलण्याआधी घसा साफ करतो तसं. शाळेसमोरच्या घराच्या ओटीवरून आलं. ओटी रिकामी होती.

पुढचं वाक्य मी वाचलंच नाही. पळणारच होतो, पण पंचनामा राहिला होता. पंच आणायचे कुठून? शाळेच्या दारावर पाटी होती, 'या इमारतीस जागा देणारे', आणि खाली दोन नावं. बाबली रामा घाडी, आत्माराम गोविंद पेडणेकर. मी ती उतरवून घेतली. दोन्ही गावचेच, नंतर भेटून सांगू, असं मनाशी म्हणालो. शाईचा डबा उघडला. पहिल्याच्या नावापुढे माझा डावा अंगठा उठवला, दुसऱ्याच्या नावापुढे उजवा. मग मागे न बघता धावत सुटलो.

सीमेवर शेवंती उभी होती. माझा चेहरा बघून तिने तांब्या पुढे केला. मी घटाघटा पाणी प्यायलो.

"वाचलास?" तिने विचारलं.

"वाचलं."

"कोणी ऐकला काय?" ती थट्टेनेच म्हणाली. मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी कौल मिळाला, गाव परत आत गेलं. पण गावपळणीच्या दिवसांत गावात जे काही येऊन पडतं, पान म्हणा, कागद म्हणा, ते आपलं नसतं. बायका सगळं झाडून सीमेवर नेतात आणि न बघता जाळतात. भिंतीवरची नोटीसही त्यातच गेली. लाडूला अक्षरओळख नव्हती, त्याने सांगितलं की मतदारयादी होती. तीस दिवस सरले. हरकत एकही आली नाही. साहेबांनी फायलीवर शेरा मारला, 'ग्रामस्थांची हरकत नाही.'

पाच वर्षांनी मोजणीवाले साखळ्या घेऊन आले तेव्हा गावाला कळलं की आपली हरकत नव्हती. शेवंती कोर्टात गेली. नवरा मुंबईला गिरणीत, संपानंतर परत आलाच नव्हता; ती माहेरीच, माहेरच्या नावाने राहत होती. पदरी एक पोर, बापाने लावलेली आंब्याची अकरा कलमं आणि ते घर, एवढंच तिचं जग होतं. तिच्या मागोमाग सगळा गाव उभा राहिला.

साक्षीच्या आदल्या दिवशी हेर्लेकर साहेबांनी मला खुर्ची दिली. "पंचनामा समोर ठेवतील. 'होय, मीच केला' एवढं म्हणायचं. फार हुशारी नको."

गावाच्या वकिलांनी पंचनामा पुढे धरला. "हे दोन पंच तुमच्यासमोर हजर होते?"

"होय."

"त्यांनी तुमच्यासमोर अंगठे उठवले?"

"होय."

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. मृत्यूच्या नोंदीचे दाखले. आत्माराम पेडणेकर पंचनाम्याच्या सात वर्षं आधीच गेलेले. बाबली घाडी बारा वर्षं आधी.

"बाबली रामा घाडी हे वादी शेवंतीबाईंचे वडील," वकील म्हणाले. "गुरसाळे, ते तुमच्यासमोर हजर होते?"

कोर्टात कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली आणि माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिलो. तिसऱ्या बाकावर शेवंती बसली होती. ती हसत नव्हती. माझ्या तोंडून काय निघतंय यावर तिचं घरदार टांगलेलं होतं आणि तिने नुसते हात मांडीवर ठेवले होते. मला आई आठवली. मग मी सगळं सांगून टाकलं, पाटी, नावं, शाई, अंगठे. खाकरल्याचं तेवढं सांगितलं नाही. ते कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर पडताना ती जवळ आली. "खरां बोललास, भाऊ. देव बरां करूंदे."

मला निलंबित केलं, चौकशी लागली. नातेवाइकांनी अक्कल काढली. पण सांगतो, इतकी शांत झोप मला आयुष्यात कधी लागली नव्हती. निकाल आला. नोटीस प्रसिद्ध झालीच नव्हती, सबब पुढचं सगळं रद्द, पहिल्यापासून सुरुवात करा. शेवंतीने माझ्या खोलीवर कोकमांची बरणी आणि एक नारळ धाडला. दीड वर्ष भिरंडखोल आपल्या जागी राहिलं.

आणि मग कायदा आला. अशा चुका काय एका भिरंडखोलच्या थोड्याच होत्या? कुठे तारीख हुकलेली, कुठे सही राहिलेली. वरच्यांना प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करायची नव्हती. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो. सरकारने झोपा केला आणि बैल कधी गेलाच नव्हता असं लिहून काढलं. दीड पानाचा कायदा होता, चारच कलमं. मी तो इतक्यांदा वाचलाय की अजून पाठ आहे. 'कोणत्याही न्यायालयाच्या कोणत्याही निर्णयात काहीही असले तरी, उक्त नोटिसा व पंचनामे रीतसर झाले होते असे मानण्यात येईल, आणि ते नेहमीच रीतसर होते असे मानण्यात येईल.'

हेर्लेकर साहेबांनी मला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट पेढा पुढे केला.

"सुटलात, गुरसाळे! पंचनामा कायद्याने खरा ठरला. म्हणजे तुम्ही खोटा केलाच नव्हता. मग चौकशी कसली? रुजू व्हा उद्यापासून."

"पण साहेब, मी कोर्टात शपथेवर सांगितलंय..."

"ते विसरा."

"मी खरं सांगितलं होतं."

"तेव्हा असेल," साहेब म्हणाले. "आता नाही."

पेढा हातात तसाच राहिला. निरपराध ठरल्यावर माणसाला बरं वाटायला हवं ना? माझी त्या रात्रीपासून झोप गेली. मी केलेला गुन्हा माझ्याकडून काढून घेतला होता, आणि तो कबूल करून मिळवलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. आता मी तो कुणाकडे नेऊन कबूल करणार होतो? बायको म्हणायची, झोपेत तुम्ही अंगठा चोळत असता.

गाव रिकामं करायच्या दिवशी साहेबांनी पोलिसांच्या दोन गाड्या नेल्या होत्या. दगडफेक होईल असा अंदाज होता. काही झालं नाही. सकाळी सगळे देवळापुढे जमले. गावच्या मानकऱ्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज भायर पडतत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मग ती माणसं कोंबड्या, शेळ्या, भांडी घेऊन रांगेने निघाली. कुणी रडलं नाही.

"बघा, किती शहाणे लोक," साहेब म्हणाले. "उगाच घाबरत होतो आपण."

मी घरांकडे बघत होतो. दारं नुसती लोटलेली होती. तुळशींना पाणी घातलेलं होतं. एका ओटीवर सुपात तांदूळ तसाच ठेवलेला. हे मी आधी बघितलं होतं.

गेल्या वर्षी, निवृत्त होऊन आठ वर्षं झाल्यावर, मी पुन्हा तिकडे गेलो. शरमेने इतकी वर्षं गेलो नव्हतो. गावाला दिलेली वसाहत उघड्या कातळावर आहे. पत्र्यांची घरं, सरळ रांगेत. हिंडताना काहीतरी खटकत होतं, ते मग लक्षात आलं. एवढ्या वर्षांत एकाही दारापुढे तुळशीवृंदावन नव्हतं. तुळशी होत्या, पण तेलाच्या डब्यांत, उचलून नेता येतील अशा.

शेवंती दाराशी बसली होती. पंच्याहत्तरीला टेकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. मी नाव सांगितलं.

"घाटावरचो भाऊ," ती म्हणाली. "बस. पाणी देतंय तुका."

तांब्या तोच होता की नाही कोण जाणे. मी विचारलं, "वृंदावनं का नाही बांधली?"

"परक्या जागेत कोण बांधता?"

"इतकी वर्षं झाली की."

"होवंदेत. कौल खय मिळालोहा?" तिने समोर हात केला. कातळाच्या कडेखाली धरणाचं पाणी पसरलं होतं, सपाट आणि हिरवं. "देव थय आत आसा. तो सांगीत तेवा परत जावचा. आमी गाव सोडूक नाय रे. आमी गावपळणीक इलंव."

शेजारपाजारची चार-सहा म्हातारी माणसं येऊन बसली होती. मी पिशवी उघडली. नोटिशीची नक्कल मी एवढी वर्षं जपून ठेवली होती. का, ते मलाही माहीत नव्हतं, पण तिने कागद बघितला आणि म्हणाली, "तोच?"

"तोच."

"आमका कोणी वाचून दाखवक नाय तो कधी. वाच."

मी उभा राहिलो. पाच मिनिटांचं काम. सर्व्हे नंबर वाचले तेव्हा एकेक म्हातारं मान हलवत होतं, "आमचो तो", "तो पेडणेकरांचो". "तरी कोणाची काही हरकत असल्यास..." इथे मी थांबलो.

"काय झाला?"

मग मी ते सांगितलं. साहेबांना नाही, कोर्टात नाही, बायकोलाही नाही, असं राहिलेलं एकच सांगायचं होतं. त्या दुपारी याच ओळीवर कुणीतरी खाकरलं होतं. रिकाम्या ओटीवरून. घाबरून मी पुढचं वाचलंच नाही.

शेवंतीने चष्मा काढला. "शाळेसमोरची ओटी?"

"हो."

"आमची ती." तिने चष्मा मांडीवर ठेवला. "माझो बापूस पंचांत बसायचो. कोणाचा बोलणा पटला नाय की आदी खाकरायचो. सगळ्यांका म्हायती. बाबली खाकारलो म्हणजे बाबलीक मान्य नाय."

एक म्हातारा म्हणाला, "व्हय म्हाराजा." थट्टेने नाही.

"मगे हरकत नाय असा कित्या लिवलास?" ती मला विचारत होती. "तेना घेतल्यान मां हरकत! तू लिवन घेवक नाय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिने मला रडू दिलं, मग आत जाऊन नातवाच्या वहीचं एक कोरं पान फाडून आणलं.

"आता लिव."

मी लिहिलं. भिरंडखोल येथील घर, अकरा आंबे आणि देऊळ बुडवण्यास माझी हरकत आहे. खाली नाव घातलं, बाबली रामा घाडी. पान आतून बॉलपेनसकट आलं होतं, अंगठ्यासाठी शाई नव्हती. शेवंतीने चुलीतलं काजळ बोटावर घेतलं, माझा डावा हात स्वतःच्या हातात धरला आणि अंगठ्याला चोळलं.

"सरकारान मान्य केल्यान मां ह्यो बाबलीचो आंगठो म्हणान? मगे उठव."

मी अंगठा उठवला. कागद वाऱ्याने हलत होता, तिने तो तळव्याने दाबून धरला. मी पेन घेऊन सवयीने तारीख घालायला लागलो तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"आजची नको," ती म्हणाली. "त्याच दिवसाची घाल. मुदतीत होती ती."